फाइल की डिरेक्टरी: आमची वाटचाल

फोंड्यातल्या आमच्या छोट्या फर्मचं नाव झालं ते मेल सर्व्हरवर. व्हीत्से व्हेनेमांचं पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर हातात आल्यापासून हत्यारं तीच: फाइल लिहायला व्हीआय, ती पोस्टफिक्सला झटकन शोधता येईल अशी बनवणारा पोस्टमॅप आणि दर ग्राहकाची एक व्हर्च्युअल फाइल, म्हणजे पत्त्यांची यादी. डावीकडे पत्ता, उजवीकडे मेलबॉक्स. ओळ बदलायची, पोस्टमॅप चालवायचा, काम झालं.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि आमचे बार्जवाले, ट्रकवाले ग्राहक आटले. नेमकी तेव्हाच पणजीची एक कंपनी हॉटेलांच्या दारोदार सांगत फिरू लागली, फाइली ठेवणारे जुनाट, सगळं एलडॅपमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून विचारता येणाऱ्या नोंदींच्या एका सामायिक डिरेक्टरीत, हवं. चार खोल्यांच्या गेस्टहाउसलासुद्धा त्यांनी डिरेक्टरी विकली! कळंगुटची आमची हॉटेलं एकामागून एक गेली. तो राग अजून गेलेला नाही.

वास्कोच्या शिपिंग एजन्सीचे शेठ तेवढे हलले नाहीत. खाणबंदीत त्यांचंच काम बसलं होतं, तरी वर्षाचं मेंटेनन्स त्यांनी आगाऊ दिलं. "तुमची फाइल मला वाचता येते," एवढंच म्हणाले. त्या पैशांत आमच्या पोरांचे पगार झाले.

पुढे ऐन डिसेंबरात त्या पणजीच्या कंपनीचा एकुलता एक एलडॅप सर्व्हर बसला. डिरेक्टरी उत्तर देत नसेल तर पोस्टफिक्स ४५१, म्हणजे तात्पुरत्या अडचणीचा कोड, देऊन नंतर यायला सांगतं. मेल हरवत नाही, पाठवणारा सर्व्हर पुन्हा येतो. पण नाताळचं बुकिंग तोवर शेजारच्या हॉटेलात गेलेलं असतं. बहुतेक हॉटेलं आमच्याकडे परत आली.

डिरेक्टरीला माझा विरोध नाही. सीझनला माणसं भरायची, पावसाळ्यात कमी करायची, आणि एचआरने नाव काढलं की लॉगिन, मेल सगळं एकदम बंद व्हायचं, तिथे एलडॅपच हवं. पण प्रत्येक पत्रासाठी मेल सर्व्हरने तिच्याकडे धावायचं कशाला? आम्ही दर दहा मिनिटांनी तिच्यातून यादी काढून सीडीबी फाइल, म्हणजे झटकन शोधता येणारी तयार यादी, बनवतो. पोस्टमॅप ती आधी बाजूला पूर्ण करतो, मगच जुनीच्या जागी ठेवतो. डिरेक्टरी बंद पडली तरी शेवटची यादी चालू राहते.

नव्या पोरांनी एक मात्र करावं. नवी यादी अचानक निम्म्यावर आली तर स्क्रिप्टने तिथेच थांबलं पाहिजे, नाहीतर खऱ्या पत्त्यांनाही ५५०, म्हणजे कायमचा नकार, जाईल. आणि थेट एलडॅप जोडणारच असाल, तर डिरेक्टरीतल्या मेल अ‍ॅट्रिब्यूटवर शोध झटकन व्हावा म्हणून इंडेक्स ठेवा, प्रॉक्सीमॅपमधून, म्हणजे सगळ्या चौकशा मोजक्या जोडण्यांतून नेणाऱ्या पोस्टफिक्सच्या भागातून, जोडा, आणि आधी पोस्टमॅपच्या क्यू पर्यायाने एकेक पत्ता विचारून बघा.