तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही नाही का वाढलो?

आमच्या गोव्यात, डिचोलीच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे हेच. "एवढं काय गो जपायचं पोरीला? केक नको, रंगीत गोळ्या नकोत, गणवेशसुद्धा वेगळा. आम्ही नाही का वाढलो?" दर वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते आणि घरी येऊन धुसफुसत बसते. म्हणून आता एकदाच, नीट सांगते.

सुरुवात डब्यापासून झाली नाही, गणवेशापासून झाली. लेक दुसरीत असताना शाळेने नवा गणवेश लावला. गडद निळा, पॉलिस्टरचा, इस्त्री न लागणारा. आणि आपल्याकडचा जून तुम्हाला माहीत आहे, कपडा अंगावर भिजतो आणि अंगावरच सुकतो. थोड्याच दिवसांत तिच्या मानेवर, काखेच्या कडेने, मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल पुरळ उठलं. घामोळं समजून पावडर झाली, नायटा समजून मलम झालं. सुट्टीत कमी व्हायचं, शाळा सुरू झाली की पुन्हा. झोपेत ती इतकं खाजवायची की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे.

पणजी शहरातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिची पॅच टेस्ट, म्हणजे ॲलर्जी शोधायची चाचणी, केली. वेगवेगळी रसायनं चिमूट-चिमूट पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी पट्ट्या काढतात, मग आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठीला पाणी नाही. डिस्पर्स ब्लू या रंगाच्या जागी लालभडक, फोड आलेला चट्टा होता. पॉलिस्टर रंगवायला हे डिस्पर्स रंग वापरतात. ते धाग्याला पक्के बांधले जात नाहीत, आत शिरून बसतात, आणि घाम-घर्षण मिळालं की कातडीवर उतरतात.

डॉक्टरीणबाईंनी शाळेसाठी पत्र दिलं: सुती, फिका कपडा घालू द्यावा. मी शिंप्याकडून फिकट निळा सुती स्कर्ट शिवून घेतला आणि पत्र देऊन तिला पाठवलं. दुपारी छत्री द्यायला गेले, तर बाकी मुलं वर्गात आणि ही बाहेर ओसरीवर, चपलांच्या रांगेजवळ उभी. पत्राचा लिफाफा हातात. मी म्हटलं, "पत्र दिलं नाहीस?" "दिलं. बाईंनी वाचलं. म्हणाल्या, पावसात सगळ्यांच्याच अंगाला खाज येते." सकाळपासून ती तिथे उभी होती.

मुख्याध्यापकांशी भांडून परवानगी मिळाली. पण वर्गात तोवर ठरलं होतं की हिला काहीतरी रोग आहे. गणेशचवथीच्या आधी शाळेत फुगड्यांची तालीम चालली होती. तिच्या जोडीदारणीने हात धरण्याआधी स्वतःच्या हातांवर रुमाल घेतला. लेक काही बोलली नाही, रुमालावरूनच फुगडी घातली. ते मी खिडकीतून बघितलं. त्यानंतर कुणी मला "जरा घालू द्या हो, काय होतंय" म्हटलं की माझा आवाज चढतो, आणि तो चढणारच.

आता खाण्याचं. इथे तुम्ही मला धरू शकता, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की कापडाच्या रंगाची ॲलर्जी म्हणजे खाण्याच्या रंगाची ॲलर्जी नव्हे. तरी मी पाकिटं उलटी करून वाचायला लागले. टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइझिन, पाँसो ४आर, हे सगळे आपल्याकडे परवानगी असलेले रंग. पाकिटावर १०२, ११०, १२२, १२४ असे आकडे असतात. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने असे सहा रंग आणि सोडियम बेंझोएट (खाऊ टिकावा म्हणून घालतात ते) यांची मिश्रणं मुलांना देऊन बघितली, आणि काही मुलांचा चळवळेपणा वाढलेला दिसला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने दुसऱ्याच वर्षी म्हटलं की परिणाम लहान आहे, पुरावा मर्यादित आहे. तरीही २०१० पासून तिथे या रंगांच्या खाऊवर इशारा छापावा लागतो: मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो. बऱ्याच कंपन्यांनी इशारा छापण्यापेक्षा रंगच बदलले. मग माझ्या पोरीच्या डब्यात तोच रंग का, एवढंच माझं म्हणणं. माझी लेक रंगीत जेलीने चळवळी होते, असं मी कधीच म्हटलेलं नाही. मला त्यात फरक दिसलेला नाही.

आणि हे झाले परवानगीचे रंग. परवानगी नसलेलेही खाऊत सापडतात. २०२४ मध्ये म्हापसा नगरपालिकेने गाड्यांवरच्या गोबी मंच्युरियनवर बंदी घातली, ती कृत्रिम रंग आणि अस्वच्छता यांच्यापायी. त्याच वर्षी तामिळनाडूने गुलाबी म्हातारीच्या केसांवर बंदी आणली, कारण त्यात ऱ्होडामाइन-बी सापडलं. तो कापड रंगवायचा रंग आहे, खाण्यात त्याला कुठेच जागा नाही.

"आम्ही नाही का वाढलो?" वाढलात. पेज, उकडा तांदूळ, पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोई आणि सुती परकर यांच्यावर वाढलात. हे उत्तर मी पूर्वी ठसक्यात द्यायचे. आता तेवढा ठसका राहिलेला नाही, कारण डाळीत आणि जिलेबीत मेटॅनिल यलो हा खाण्यात परवानगी नसलेला पिवळा रंग तेव्हाही घालत होते, आणि पावाच्या पिठातलं पोटॅशियम ब्रोमेट आपल्या देशात २०१६ मध्ये बंद झालं, तोवर आपण ते खातच होतो. जुनं सगळं शुद्ध होतं असं मला म्हणायचं नाही. पण तेव्हा कळत नव्हतं म्हणून आता कळून गप्प बसायचं, हेही मला जमत नाही.

जुलै २०१८ आठवा. मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिनचा संशय आला आणि आख्खा गोवा हादरला. बाहेरची मासळी बंद झाली, लोकांनी ताटातून मासे काढले. तेव्हा कुणी कुणाला "आम्ही नाही का वाढलो" म्हटलं नाही. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड, आणि चुण्या पडू नयेत म्हणून कापडावर जे लेपन करतात त्यातही बहुधा फॉर्मल्डिहाइडचीच राळ असते. नवा कपडा घालण्याआधी दोनदा धुतला तर सुटं रसायन बरंच निघून जातं. एवढं साधं सांगितलं तरी लोक माझ्याकडे "हिचं काहीतरी वेगळंच" अशा नजरेने बघतात.

डब्यात काय असतं, तेही विचारता. पोई आणि तांबडी भाजी, फोव, घावन, अळसांद्यांची उसळ. जत्रेत खाजे घेऊन देते. गूळ, आलं, तीळ, त्यात रंग नसतो. केक घरी करते, वर्गाला पुरेल एवढा. तो खायला मुलं येतात, रुमाल न घेता.

पुढच्या जूनला ती हायस्कुलात जाईल. तिथला गणवेशही गडद निळा, पॉलिस्टरचाच. ती म्हणते, "आई, मी तोच घालीन, मला वेगळं दिसायचं नाही." नवरा म्हणतो, आतून सुती अस्तर लावू. मी दुकानातून कापडाचा तुकडा मागून आणला आहे, डॉक्टर त्याचीच चाचणी करू शकतात. लेक म्हणते, पुन्हा पाठीवर पट्ट्या नकोत. तुकडा अजून कपाटातच आहे.