ओसरीवरून माजघरात

आमच्या गावात कुत्री पाळायची पद्धत नाही. कुत्री असतात. पारावर असतात, चक्कीजवळ असतात, कोणाच्या तरी वावरात जागलीला असतात. संध्याकाळी ज्याच्या दारात उरलेली भाकर मिळते, त्या दारचं ते कुत्रं. नाव असलंच तर मोत्या नाहीतर वाघ्या. हद्द मात्र ठरलेली. अंगण, आणि धो धो पाऊस असला तर ओसरीचा कोपरा. त्यामुळे "आम्ही पिल्लू पाळलंय" म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "म्हंजे? करता काय त्याचं?"

करतो काय, हे त्याला ओसरीवर उभ्या उभ्या सांगून होत नाही.

पिल्लू जन्मलं आमच्याच कुटाराच्या ढिगात. बाकीची भावंडं लोकांनी जागलीसाठी नेली. हे एक पांढरं, पोट मोठं, पाय आखूड, कोणाच्या नजरेत न भरणारं, तेवढं मागं राहिलं. माघातली थंडी होती. लेकीनं ते बारदान्यात गुंडाळून आत आणलं, तेव्हा आतल्या खोलीत छताच्या पाटईपर्यंत कापूस भरलेला होता. भाव चढेल या आशेवर यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या राळेगाव तालुक्यात त्या दिवसांत कित्येक घरी आत कापूस झोपतो आणि बाहेर माणसं. सासूबाईंनी एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा कापसाकडे.

"कापूस हाये घरात, अन् तू कुत्रं आनलं व माय?"

त्यांची धास्ती खोटी नव्हती. सरकारी खरेदीत कापसात ८ टक्के ओलावा चालतो, त्यावर १२ पर्यंत पैसे कापतात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. वर्षभराची कमाई त्या एका आकड्यावर, आणि घरात आलेल्या नव्या पाहुण्याचं मुख्य काम ओलावा वाढवणं. मग निवाडा झाला. पिल्लू ओसरीवर, कापसाच्या खोलीला कडी, आणि कडी उघडी राहिली तर पिल्लासकट लेकही ओसरीवर.

कापसाच्या बोंडावरून नाव बोंड्या पडलं ते यातूनच. लेकीच्या मनात ब्रूनो होतं, सासऱ्यांच्या मनात मोत्या. पण पहिल्याच आठवड्यात कडी उघडी राहिली आणि पांढऱ्या कापसात पांढरं पिल्लू शोधायला अख्खं घर लागलं.

पिल्लाला लघवी धरवत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. किती धरवत नाही, हे पाळल्याशिवाय कळत नाही. साधारण हिशेब असा की जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास. म्हणजे दीड महिन्याच्या जिवाला रात्रीतून अनेकदा उठवून बाहेर न्यायचं. शिवाय झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, या तीन वेळा हमखास. जमिनीला नाक लावून गोल फिरायला लागलं की हातातलं पीठ असेल तसं टाकून त्याला उचलायचं आणि पळायचं.

त्या दिवसांत गव्हाच्या ओलिताला लाईन रात्रीचीच होती. हे मध्यरात्री मोटर चालू करायला वावरात आणि मी अंगणात, हातात बॅटरी, अंगावर गोधडी, पायाशी बोंड्या. तो काय करायला आलोय हे विसरून बॅटरीच्या उजेडामागे धावणार, मग शेणाच्या ढिगाचा वास घेणार, मग थंडी वाजली की माझ्या पायावर बसणार. आत येऊन गोधडी अंथरली की तिच्यावर मुतणार. शेजारच्या काकूंनी उपाय सांगितला, नाक घासा त्याच्यात, दोन रट्टे द्या. हा उपाय सगळ्या गावाला तोंडपाठ आहे आणि माझ्या मते सगळ्या गावाचा चुकलेला आहे. रट्टा खाल्लेलं पिल्लू मुतायचं थांबत नाही, फक्त तुमच्यासमोर मुतायचं थांबतं. मग ते कोठीमागं सापडतं, तेही वासावरून. त्यापेक्षा बाहेर जमलं की लगेच गुळाएवढं गोड बोलायचं आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. गोड बोलणं ऐकून रस्त्यानं जाणारे थांबायचे. रात्री दोनला बाई कोणाला "शाब्बास माझ्या राजा" म्हणते, हा प्रश्न रास्तच होता.

खाण्याचं वेगळंच. गावात येणारा-जाणारा प्रत्येक जण कुत्र्याला काहीतरी घालतो, आणि ते पुण्याचं काम असल्यामुळे नको म्हणणारी मी पापी. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, लसणाचंही तेच, मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंड जाऊ शकतं, शिजलेलं कोंबडीचं हाड चिरफळून आतडं फाडतं. हे सगळं मी पारावर सांगितलं तेव्हा एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "मंग इतके दिवस ते कसे जगले?" जगले नाहीत, आजोबा. बरीच मेली. एका कुत्रीची पाच पिल्लं पोळ्याला दिसायची आणि दिवाळीला एखादंच उरायचं, तेव्हा "नाई जगली" म्हणून आपण मोकळे व्हायचो.

त्यातली किती पार्व्होनं जात असतील कोण जाणे. हा रोग जगाला कळला तोच १९७८ मध्ये. ओकाऱ्या, रक्ताची हगवण आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू खलास. गावात त्याला दृष्ट म्हणतात. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. आमचा दवाखाना मुळात ढोरांचा. डॉक्टर भले माणूस, पण बैल-गाईंत गळ्यापर्यंत बुडालेले. म्हणाले, "लस यवतमाळहून आना, मी टोचून देतो. पन बर्फातून आनजा, तापली तं पान्यासारखी." मग एसटीत मांडीवर थर्मास, थर्मासात बर्फ, बर्फात एवढीशी बाटली. कंडक्टरनं विचारलं, कुल्फी का?

रेबीजचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पिल्लांचे दुधाचे दात सुईसारखे असतात आणि चावणं हाच त्यांचा खेळ. लेकीच्या मनगटाला ओरखडा निघाला आणि सासूबाई मिरचीपूड शोधायला निघाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे अजून पोटातली चौदा इंजेक्शनं. ती लस भारतात बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली, आता दंडात घेतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. मिरची नाही, चुना नाही, हळद नाही. आणि पिल्लू घरचं आहे, लहान आहे, म्हणून सोडायचं नाही. लस न झालेल्या पिल्लाचा ओरखडाही ओरखडाच. आम्ही लेकीला घेऊन गेलो, नर्सबाईंनी "घरच्याच कुत्र्यासाठी?" म्हणून डोळे मोठे केले, पण लस दिली. हा आजार एकदा अंगात उठला की औषध नाही, तेव्हा कोण हसतं याला काय अर्थ आहे?

पाडव्याला बोंड्याची हद्द आणखी सरकली. देवघरापाशी पुरणाच्या पोळीचं ताट वाढून ठेवलेलं, आणि बोंड्या तिथं. सासूबाईंनी केरसुणी उचलली. सासरे ओसरीवरून म्हणाले, "थांब. महाभारताची सुरुवात ठाऊक हाये ना? जनमेजयाच्या यज्ञात सरमा कुत्रीचं पिल्लू आलं, जनमेजयाच्या भावांनी त्याले मारलं. त्यानं हविष्याकडे पाह्यलं नव्हतं, चाटलं नव्हतं. सरमेनं विचारलं, काहून मारलं? कोनाजवळ उत्तर नव्हतं. मंग शाप लागला." सासूबाई थांबल्या. ताटाकडे पाहून म्हणाल्या, "यानं चाटलं हाये." पुरण नाकापर्यंत लागलेलं होतं. खटला तिथंच संपला, पण केरसुणीही खाली ठेवली गेली.

पुढं उन्हानं निकाल दिला. पारा ४५ च्या वर गेला की अंगणातली फरशी माणसाच्या तळव्याला सोसत नाही, कुत्र्याला काय सोसणार. त्याला घाम फक्त तळव्यांना, बाकी सगळी गरमी जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवायची. बोंड्यानं माजघरातला रांजण शोधला. खालच्या ओल्या वाळूत खड्डा करून पोट टेकून झोपायचा. सासूबाई पाणी घ्यायला आल्या की त्याला पायानं बाजूला सारायच्या, पाणी घेतलं की तो परत. जाता जाता त्या तांब्यातलं थोडं पाणी वाळूवर टाकायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "रांजन थंडा राह्यला पायजे ना."

त्याच दिवसांत दात पडायला लागले. दुधाचे अठ्ठावीस पडून बेचाळीस यायचे, म्हणजे तोंडात दिवसरात्र शिवशिव. चपला गेल्या, कूलरची वायर वाचली, वाळवणातले सरगुंडे एका दुपारी खाटेवरून गायब झाले. लेकीला फडक्यात अडकलेला एक दात मिळाला, तांदळाच्या कणीएवढा. तिनं तो कंपासमध्ये ठेवला. थंड पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं आणि गाजर, एवढ्यावर बाकीचा महिना निघाला. गोठा शेजारी असल्यानं गोचीड रोजच काढावे लागत. एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी बजावून सांगितली, बैलांवर मारायचं गोचिडाचं औषध पिल्लाला लावायचं नाही, ते जिवावर बेततं.

रात्री बाहेर ठेवायचा विषय आता निघत नाही. २०१८ मध्ये नरभक्षक ठरवलेल्या टी-१ (अवनी) वाघिणीला गोळी घातली ते बोराटीचं रान आमच्याच तालुक्यातलं. बिबट्या तर कुत्र्यासाठी घरापर्यंत येतो. अंधार पडला की सासूबाईच कडी लावतात आणि तो आत आहे का ते आधी पाहतात.

सध्या वाद नसबंदीचा आहे. डॉक्टर म्हणतात, पोळा झाला की करून टाकू. सासऱ्यांना पटत नाही. "काहून त्या मुक्या जिवाच्या मागं लागता?" सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "कार्तिकात रात्रभर गावात भटकंन, भांडून कान फाडून येईन. मंग मलम तुमी लावान का?" सासरे काही बोलले नाहीत. तारीख अजून ठरायची आहे.