सांगलीच्या व्यायामशाळेतून पोकोनोच्या कॅम्पला : माझा अनुभव

"पदकं सगळी लिहिलीस, पण यात मुलं कुठं आहेत?"

माझा अर्ज ऐकून आमच्या मल्लखांबाच्या सरांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. ऑक्टोबर २०२३ चा सुमार. मी सांगलीत बी.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला होते आणि पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या समर कॅम्पवर कौन्सेलर म्हणून जायचं मनावर घेतलं होतं. सर इंग्रजी फारसं वाचत नाहीत, म्हणून मी एकेक ओळ मराठीत सांगत होते. राज्यस्तरीय स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, दोरीच्या मल्लखांबातलं रौप्यपदक. तिसऱ्या ओळीलाच त्यांनी हात वर केला.

तेव्हा मला राग आला होता. पण पुढचे सात महिने ज्याने ज्याने माझी परीक्षा घेतली, त्याने हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारलं.

आपल्याकडे उन्हाळी शिबिर म्हणजे सकाळी दोन तास, फार तर पंधरा दिवस. तिकडचा निवासी कॅम्प बऱ्याचदा सहा-सात आठवड्यांचा असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुली घरापासून लांब, डोंगरात, लाकडी केबिनमध्ये राहतात आणि त्याच केबिनमध्ये त्यांच्यासोबत कौन्सेलर झोपते. दात घासले का, ओले कपडे वाळत टाकले का, जेवताना एखादी गप्प का बसली, हे सगळं तिनेच बघायचं. ही प्रथा तिथे जुनी आहे. १८६१ मध्ये कनेक्टिकटमधल्या फ्रेडरिक गन नावाच्या शिक्षकाने आपल्या शाळेतल्या मुलांना चालत समुद्रकिनारी नेऊन तंबूत ठेवलं, तिथपासून या कॅम्पचा इतिहास सांगतात. हे वाचलं तेव्हा मला अर्जातले प्रश्न उमगायला लागले. आईबाप आपलं लेकरू दीड-दोन महिने ज्यांच्या हवाली करतात, ते लोक माझ्या पदकांपेक्षा माझ्या स्वभावाची चौकशी करणारच.

या नोकरीसाठी जे-१ व्हिसा (देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा अमेरिकेचा व्हिसा) लागतो आणि त्यात 'कॅम्प कौन्सेलर' असा वेगळा वर्ग आहे. वय किमान १८, बोलता येईल इतकं इंग्रजी, आणि उमेदवार विद्यार्थी, शिक्षक, मुलांसोबत काम करणारा किंवा एखादं खास कौशल्य असलेला हवा. मुदत जास्तीत जास्त चार महिने. मुख्य गोष्ट म्हणजे कॅम्प आपल्याला परस्पर बोलावू शकत नाही, मध्ये एक मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था लागते. या संस्थांची यादी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या जे-१ व्हिसाच्या संकेतस्थळावर आहे. ती यादी मी आधी पाहिली नव्हती आणि तिथेच फसता फसता वाचले. एका एजंटने दीड लाख रुपयांत 'खात्रीशीर काम' सांगितलं. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कागद बदलू, असंही म्हणाला. बाबा पैसे भरायला तयार झाले होते. टुरिस्ट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे. यादी उघडली तर त्याच्या कंपनीचं नाव त्यात नव्हतं. तेव्हा कुणाच्याही खात्यात एक रुपया भरण्याआधी ती यादी बघा. सगळ्याच प्रायोजक संस्था भारतातून उमेदवार घेत नाहीत, म्हणून तेही आधीच विचारून घ्या.

यादीतल्या ज्या संस्थेकडे मी अर्ज केला, तिची मुलाखत मुंबईत समोरासमोर होती. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून गेले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, रात्री दोन वाजता नऊ वर्षांची मुलगी आईकडे जायचं म्हणून रडते आहे, केबिनमधल्या बाकीच्या मुली जाग्या होताहेत, तुम्ही काय कराल? मी पाठ केलेली वाक्यं म्हणायला लागले. धीर देईन, समजूत काढीन, वरिष्ठांना कळवीन. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, असं खरंच कधी झालंय का तुमच्याबरोबर?

झालं होतं. आमच्या व्यायामशाळेचं पन्हाळ्याला चार दिवसांचं शिबिर होतं आणि एक मुलगी पहिल्याच रात्री रडायला लागली. फोन लावून दिला तर ती जास्तच रडली. मग मी तिला बाहेर ओट्यावर बसवलं, उद्याच्या दोऱ्यांची गुंडाळी करायला मदत मागितली, आणि आम्ही दोघींनी अर्धा तास दोऱ्या गुंडाळल्या. ती मध्येच पेंगायला लागली. सकाळी सगळ्यांना सांगत होती, दोऱ्या मी गुंडाळल्या म्हणून. हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. 'गुंडाळी'ला शब्द सुचेना तेव्हा हातांनी करून दाखवलं. बाई पहिल्यांदा लिहून घ्यायला लागल्या.

परत आल्यावर मी अख्खा अर्ज नव्याने लिहिला. शिफारसपत्रही. सरांचं आधीचं पत्र 'होतकरू, मेहनती, आज्ञाधारक' असं होतं. संस्थेने ते परत पाठवलं, विद्यार्थिनीचं एखादं उदाहरण द्या म्हणून. सरांनी मग दोन पानं मराठीत लिहिली. एक मुलगा दोरीवर वर चढून घाबरला, हात सोडेना, खाली येईना. तेव्हा मी ओरडले नाही, शेजारच्या दोरीवर त्याच्याएवढ्याच उंचीवर चढले आणि पायाच्या अंगठ्यात दोरी कशी धरून सरकायचं ते त्याच्याबरोबर करत खाली आले, एवढीच गोष्ट होती. मला ती आठवतसुद्धा नव्हती. आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी भाषांतर केलं आणि आम्ही मूळ मराठी पत्र खाली जोडलं.

व्हिडिओचंही तसंच. पहिल्या व्हिडिओत मी एकटीच दोरीवर दसरंग (मल्लखांबातला एक प्रकार) घेत होते. तो काढून टाकला. दुसऱ्यात तीन छोट्या मुलींना पहिली साधी अढी, म्हणजे पायांची पकड, शिकवतानाची दोन मिनिटं आहेत. एक मुलगी तीनदा घसरते आणि चौथ्यांदा जमल्यावर माझ्याकडे बघते. कॅम्पच्या संचालिकेने नंतर मला सांगितलं की त्यांनी तेवढा भाग पुन्हा पुन्हा पाहिला.

या संचालिकेची ऑनलाइन मुलाखत मात्र हातची जाणार होती. वेळ ठरली १२ मार्च २०२४, त्यांच्याकडचे सकाळी अकरा. हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो, म्हणून मी रात्री साडेनऊ लिहून ठेवलं. पण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात. तो रविवार होता १० मार्च. म्हणजे माझी वेळ रात्री साडेआठची झाली होती. पावणेनऊला मी अजून मैदानावर होते, हाताला खांबाचं एरंडेल, आणि फोनवर मेल आला : आम्ही थांबलो आहोत. मी तिथेच, व्यायामशाळेच्या पायरीवर बसून जोडणी केली, आधी माफी मागितली आणि वेळेचा हिशोब कसा चुकला ते सांगितलं. मागे लहान मुलं उड्या मारत होती. संचालिका म्हणाल्या, कॅमेरा फिरवा, मला ती मुलं दाखवा. पुढची पंधरा मिनिटं आम्ही मल्लखांबावरच बोललो. खांब तिथे न्यायचा विषयच नव्हता. दोरी चालेल, पण ती त्यांचा रोप्स कोर्स (उंचावर दोर बांधून केलेले अडथळे) बघणारा माणूस बांधणार, खाली मॅट लागणार, आणि मुली अमुक उंचीच्या वर जाणार नाहीत, हे त्यांनी स्पष्ट केलं. मी म्हणाले, आमचे सरही पहिला महिना कुणाला वर जाऊ देत नाहीत. दोन दिवसांनी जिम्नॅस्टिक्सची कौन्सेलर म्हणून पत्र आलं. पेनसिल्व्हेनिया, पोकोनो डोंगर, १० जूनला हजर.

पुढची कागदपत्रं म्हणजे नुसती धावपळ. पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवेत अर्ज केला, ५०० रुपये फी, घरी पडताळणीला हवालदार आले तेव्हा आजी घाबरली. लहानपणचं लसीकरणाचं कार्ड सापडलं नाही. डॉक्टरांनी गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि धनुर्वाताचा डोस पुन्हा देऊन फॉर्मवर शिक्का मारला. तुमचं कार्ड आजच शोधून ठेवा.

मग संस्थेकडून डी.एस.-२०१९ हा फॉर्म आला. या कागदाशिवाय जे-१ मिळत नाही. त्यावरचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी, कामाच्या तारखा कॅम्पच्या पत्राशी अक्षर न् अक्षर जुळवून बघितल्या. माझ्या फॉर्मवर वडिलांच्या नावातलं एक अक्षर कमी होतं, ते लगेच दुरुस्त करून घेतलं. त्यानंतर सेव्हिसची (अशा व्हिसावर येणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेची) फी, जी तेव्हा, २०२४ मध्ये, कॅम्प कौन्सेलरसाठी ३५ डॉलर होती, आणि व्हिसाची १८५ डॉलर. विमानाचं तिकीट, विमा, संस्थेची फी हे सगळं धरलं तर पैसे मिळवायला जायची ही नोकरी नाही. राहणं-जेवण कॅम्पचं असतं आणि मोबदला त्याच कामातल्या अमेरिकन कौन्सेलरइतका द्यावा असा नियम आहे, पण माझे बरेचसे पैसे तिकिटातच गेले. घरी हे मी आधी स्पष्ट सांगितलं. आई म्हणाली, "सहलीला जातीयस का कामाला, तेवढं सांग." कामाला, असं म्हटल्यावर तिने पुन्हा विषय काढला नाही.

व्हिसाची मुलाखत मेच्या पहिल्या आठवड्यात, बांद्रा-कुर्ला संकुलात. आदल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो झाले होते. नकार मिळतो तो बहुतेक एकाच कारणाने : हा माणूस परत येईल असं अधिकाऱ्याला वाटत नाही. माझ्याकडे कॉलेजचं बोनाफाईड होतं, दुसऱ्या वर्षाची फी भरल्याची पावती होती, आणि प्राचार्यांचं पत्र होतं की ऑगस्टच्या मध्यापर्यंत मला सवलत आहे. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने फाईल उघडायलाच लावली नाही. कॅम्पवर काय शिकवणार, एवढं विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, परत आल्यावर? मी म्हणाले, बी.पी.एड.चं दुसरं वर्ष आहे, आणि संध्याकाळी माझ्या बॅचला चाळीस मुलं आहेत, सध्या ती सर सांभाळणार आहेत. जेमतेम दोन मिनिटं. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर.

यंदा आमच्याच मैदानावरचा एक मुलगा अर्ज करतोय. काल त्याने कच्चा मसुदा दाखवला. सुरुवात जिल्हास्तरीय सुवर्णपदकाने होती. मी त्याला पन्हाळ्याच्या शिबिराचं विचारलं, तर म्हणाला, "ताई, तिथं मी फक्त रात्री बारक्यांना बाथरूमला घेऊन जायचो." ते पहिल्या परिच्छेदात घालायला सांगितलंय. रविवारी पुन्हा बसणार आहोत.