भात भाजी ताक पोळी

मंगळवार, रात्र

चालीवर शब्द लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज शिवणं, असं मी वर्गात मुलांना सांगत आले आहे. अकरावीच्या पोरांना त्यातलं काय कळणार, हसतात बापडी. आता तसलंच एक माप माझ्या टेबलावर येऊन पडलंय आणि मला कात्री सापडत नाहीये.

माप म्हणजे त्याची व्हॉइस नोट. मागे पेटी, मध्येच कुणीतरी कुकर लावल्याची शिट्टी, आणि त्याचा तो जरासा नाकातला आवाज. शब्द नसताना संगीतकार तोंडाला येईल ते गातात, तसे त्यानेही डमी शब्द टाकलेत: ‘भात भाजी ताक पोळी.’ पुढच्या ओळीला नुसतंच ला-ला. इतक्या वर्षांनी माणूस आपल्याशी पहिल्यांदा काही बोलतो आणि ते हे असतं.

पण मी मूर्खासारखी बोटांवर मात्रा मोजत बसले. गा म्हणजे दोन मात्रा, ल म्हणजे एक. भात भाजी, गालगागा. ताक पोळी, गालगागा. सात आणि सात, चौदा मात्रा. पुढे दोन मात्रांचा श्वास सोडला की सोळा, म्हणजे केरव्याची, त्या आठ मात्रांच्या तालाची, दोन आवर्तनं. कॉलेजात फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या तालमींत तो असाच जेवणाची ताटं गायचा आणि मी मागच्या बाकावर बसून त्यात शब्द भरायचे. फिरोदियात सगळंच एका नाटकात कोंबायचं असतं, नाच, चित्र, गाणं, जमलं तर जादूचे प्रयोगसुद्धा. बाकीचे थर्माकोल कापत असायचे आणि आम्ही दोघं मात्रांवरून भांडत असायचो. ग्रुपला वाटायचं, आमचं काही खरं नाही. ग्रुपचं चुकलं नाही, फक्त कारण चुकलं.

तर काम असं आहे. एका हौशी नाट्यसंस्थेचं नाटक, संगीत त्याचं. मध्यंतराच्या आधी एक द्वंद्वगीत हवंय. दिग्दर्शकाने गीतकार विचारला, याने माझं नाव सांगितलं. ‘तू अजून लिहितेस ना?’ हे त्या नोटच्या शेवटी. लिहिते. दिवाळी अंकात वर्षाला दोन कविता येतात, त्यांना कुणी चाल लावत नाही.

दोघांचेही संसार झाले आणि आटोपले. त्याबद्दल इथे लिहायचं नाही.

शुक्रवार

मुखडा झाला.

दार अर्धे लोटले तू
मी दिवा लावून होते

कॉलेजच्या पायऱ्यांवर उभ्याउभ्या मोजून पाहिला, स्टाफरूममध्ये परत मोजला. नीट बसतोय. पाठवला. उत्तर आलं, ‘छान. रविवारी इंद्रायणीने येतो, बसू.’ छान म्हणजे काय, ते सांगायची त्याला पहिल्यापासून सवय नाही.

आईने विचारलं, कोण येणारे. म्हटलं, गाण्याचं काम आहे. आई म्हणाली, ‘तोच का तो, पेटीवाला?’ वय झालं तरी नको त्या ठिकाणी स्मरणशक्ती शाबूत आहे बाईची.

रविवार

आला. केस पुष्कळच गेलेत. माझ्याकडे बघून त्यानेही मनात काहीतरी मोजलं असणारच. आईच्या पाया पडला, तिने त्याला लाडू दिला, आणि पहिला तास चक्क पैशांच्या गप्पांत गेला. बरंच झालं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो मुंबईत गेली कित्येक वर्षं जिंगल्स आणि मालिकांची शीर्षकगीतं करतोय. म्हणाला, सुरुवातीला एकरकमी पाकीट मिळायचं, सही करायची, विषय संपला. गाणं घराघरात रोज वाजो नाही तर न वाजो. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले होते, आणि तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. द्यायचा म्हटलं तरी येत नाही! निम्मा वाटा राखूनच ठेवावा लागतो. हे सगळं तो लाडू खात, कुठल्याशा वकिलाच्या थाटात सांगत होता.

मग म्हणाला, ‘आणि एक गंमत माहितीये का? कायद्याच्या लेखी गाणं असं एक काही नसतंच. तुझे शब्द ही वेगळी कृती, माझी चाल ही वेगळी कृती. शब्दांचा हक्क तू गेल्यानंतर ६० वर्षं, चालीचा मी गेल्यानंतर ६० वर्षं.’

‘म्हणजे मी आधी गेले तर माझे शब्द आधी फुकट.’

‘हो. आणि माझी चाल त्यांच्याशिवाय एकटीच वाजत राहणार, भात भाजी ताक पोळी.’

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, जाण्याबिण्याच्या गोष्टी काय करताय रे दिवसाढवळ्या.

पेटी उघडेपर्यंत चार वाजले. त्याने पेटीवरची काळी चार धरली, म्हणजे बाईच्या आवाजाला सोसणारी पट्टी. मुखडा गाऊन दाखवला. ‘लोटले’वर चाल वर चढते आणि ‘होते’च्या ‘ते’वर येऊन थांबते. सुंदर थांबते. चाल चांगली आहे हे मला पहिल्या नोटपासून कबूल होतं, फक्त त्याला सांगितलं नव्हतं. आणि त्याने ती थांबवलीच नाही तिथे, परत सुरुवात केली, परत. मग पेटीचा भाता सोडून म्हणाला, ‘इथे एकार नको. मला आकार हवाय. शेवटच्या स्वरावर गळा उघडला पाहिजे.’

हे मला पटतं. ‘ते’ लांबवला की गाणारी रडवेली वाटायला लागते. मी म्हटलं, देते शोधून. तर म्हणाला, माझ्याकडे आहे एक. आणि गायला:

दार अर्धे लोटले तू
मी दिवा लावून जागा

मात्रा चोख. अर्थ चोख. मी म्हटलं, ‘अरे, पण ही ओळ पुरुषाची झाली.’

‘माहितीये.’

पुढे आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्याने मुखडा पुन्हा घेतला. पावणेसहाला निघाला, चार लाडू डब्यात बांधून घेऊन. म्हणजे आईनेच बांधून दिले, तो नको म्हणाला नाही इतकंच.

सोमवार, मध्यरात्र उलटून

झोप येत नाही म्हणून हिशेब मांडते.

आकार हवा होता हे खरं कारण असतं, तर बाईच्या तोंडी शोभतील असे आकारान्त शब्द मला अर्ध्या तासात सापडले असते. त्यालाही सापडले असते, तो काही मराठीत कच्चा नाही. शिवाय ओळ पुरुषाची केली की नुसता एक शब्द बदलून भागत नाही. काळी चारला पुरुष गायला लागला की चढाच्या जागी त्याचा आवाज चिरकणार, नाही तर खालच्या सप्तकात जाऊन बुडणार. म्हणजे अख्खा मुखडा काळी एकला उतरवायचा. बासरीवाल्याला दुसरी बासरी. मग अंतरा बाईचा, तिची पट्टी वेगळी, मधल्या म्युझिकमध्ये स्केल बदलून द्यायचा. एवढा व्याप एका ‘जागा’साठी. जिंगल्स करणारा माणूस एवढा व्याप स्टुडिओच्या भाड्याचा विचार केल्याशिवाय करत नाही.

जुने प्रेमिक पुन्हा भेटतात आणि गाणं करतात असले सिनेमे मीही चवीने पाहिलेत. बाहेर पाऊस, आत गिटार, एकमेकांकडे बघता बघता एका रात्रीत गाणं तयार. त्यात कुणी बोटांवर मात्रा मोजताना दिसत नाही. मला तर वाटतं, मनातलं सगळं बोलून टाकता आलं असतं तर आम्हाला गाण्याची गरजच पडली नसती. त्याला जे सांगायचं होतं ते सांगायला ‘आकार हवाय’ हा धंद्यातला बहाणा लागला. आणि मला तो बहाणा आहे हे कळलं, तेही पट्टीवरून कळलं, त्याच्या डोळ्यांवरून नाही. डोळ्यांकडे मी बघतच नव्हते, पेटीच्या पट्ट्यांकडे बघत होते.

‘गीतरामायणा’च्या वेळी, १९५५-५६ साली, माडगूळकर आणि फडके पुणे आकाशवाणीसाठी आठवड्याला एक गाणं उभं करायचे. वर्षाहून जरा जास्त काळात ५६ गाणी. आम्ही दोन ओळींवर अडलोय. अर्थात त्या दोघांना एकमेकांना काही सांगायचं राहिलेलं नसणार.

ती रात्र. लिहूनच टाकते. तो मुंबईला जायच्या आदल्या रात्री आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या बोळात पावलं वाजली. दिंडी दरवाजा दहानंतर अर्धवट लोटलेला असायचा, नीट लावायचं काम खालच्या बिऱ्हाडातल्या काकांचं, ते विसरायचे. पावलं जिन्यापाशी थांबली. लाकडी जिना, पहिलीच पायरी करकरायची, कुणी पाय ठेवला तर वरच्या खोलीत कळायचंच. पायरी करकरली नाही. बऱ्याच वेळाने पावलं परत गेली. मी स्वतःला सांगितलं, काकांचा मुलगा असेल, सेकंड शोहून आला असेल. काकांच्या मुलाला आत यायचं असतं, परत जायचं नसतं, एवढा विचार मी तेव्हा केला नाही. नंतर पुष्कळ केला.

आणि दिवा लावलेला नव्हता. कवितेत मी स्वतःच्या हाती दिवा दिला कारण कवितेत तो बरा दिसतो. त्या रात्री मी दिवा घालवून, अंधारात, पायांवर गोधडी ओढून कान देऊन पडले होते. खालून बघणाऱ्याला खिडकी काळी दिसली असणार. त्याने ओळ स्वतःकडे ओढून घेतली ती म्हणूनच असेल. दिव्याचं काम त्याने केलं होतं, हॉस्टेलच्या खोलीत. जागा तो होता, असं तो म्हणतोय. बरं.

पण एकटाच होता असं कोण म्हणतं?

मंगळवार

ऑफ पीरियडला अंतऱ्याच्या पहिल्या दोन ओळी झाल्या. बाईच्या तोंडी.

पावले ती ऐकताना
मी कुठे झोपून होते

शेवटी परत ‘होते’ आलं, परत एकार. मुद्दाम ठेवलाय. आकार हवा असेल तर त्याने दुसरी गीतकार शोधावी. मोजून पाहिलं, गालगागा गालगागा, कुठे काना इकडचा तिकडे नाही. डबा खायच्या आधी पाठवून दिलं, नाही तर धीर झाला नसता.

दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर येईना. बारावीचा तास घेतला, काय शिकवलं देव जाणे. तास संपवून बाहेर आले तर फोन वाजत होता. फोन, नोट नाही.

‘वाचलं,’ म्हणाला. मग बराच वेळ नुसतं रेल्वे स्टेशनचं अनाउन्समेंट ऐकू येत राहिलं, दादरचं असावं. ‘कोणाची पावलं?’

‘काकांच्या मुलाची,’ मी म्हटलं.

तो हसला. त्याचं ते जुनं, नाकातून येणारं हसणं. मग धंद्याच्या आवाजात म्हणाला, ‘एकार राहू दे तिथे. मी चाल खाली उतरवतो त्या जागी, मध्यमावर आणून सोडतो, म्हणजे रडका नाही वाटणार. रात्री बसवून नोट पाठवतो.’

‘नोट नको पाठवूस,’ मी म्हटलं. ‘इथे येऊन बसव. आईचे लाडू संपायच्या आत ये.’