टीएलए प्लसचं स्पेसिफिकेशन मंजूर करून घेताना: माझा अनुभव

टीएलए प्लस म्हणजे सॉफ्टवेअरच्या डिझाईनचं नेमकं वर्णन (स्पेसिफिकेशन) गणिती भाषेत लिहायचं साधन. ते शिकायला फार जड, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. नवख्यांपासून मुरलेल्या इंजिनियरपर्यंत सगळ्यांना दोन-तीन आठवड्यांत त्याचा उपयोग करता आला, असं अ‍ॅमेझॉनच्या लोकांनी 2015 मध्ये लिहून ठेवलंय. आमच्या टीमचंही शिकणं सुरळीत झालं. रिफंड देणाऱ्या सेवेचं स्पेसिफिकेशन लिहिलं, ते तपासणारा टीएलसी हा प्रोग्रॅम चालवला, डिझाईनमधली चूक सापडली. अडलो ते कंपनीच्या क्वालिटी विभागात.

तिथे डिझाईन डॉक्युमेंट ठरलेल्या वर्ड टेम्प्लेटमध्येच लागतं आणि रिव्ह्यूचा वेळ पानांवरून ठरतो. आमची पानं चार. म्हणून अर्धा तास मिळाला, वर शेरा: ‘अपूर्ण. सिक्वेन्स डायग्राम नाहीत.’ फोन केला की ‘मेल करा’, मेल केला की ‘टेम्प्लेट बघा’. अहो, डायग्राममध्ये घटनांचा एकच क्रम दिसतो. त्या चार पानांवरून टीएलसीने मॉडेलमधले सगळे क्रम तपासले होते: सर्व्हर मध्येच बंद पडला तर, उत्तर उशिरा आलं तर. हे सांगून सांगून घसा कोरडा पडला. पानं मोजून डिझाईनची खोली ठरवणाऱ्या त्या रकान्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी सापडलेल्या चुकीचाच डायग्राम काढून टेम्प्लेटमध्ये घातला. पहिला सर्व्हर बँकेला विनंती पाठवून बंद पडतो. दुसरा तेच काम उचलतो, नवा संदर्भ क्रमांक तयार करतो आणि पुन्हा पाठवतो. बँकेच्या लेखी या दोन वेगळ्या विनंत्या, म्हणून ग्राहकाला पैसे दोनदा. फायनान्सच्या मॅडमनी विचारलं, “हे आत्ता प्रॉडक्शनमध्ये होऊ शकतं?” आम्ही हो म्हणालो आणि त्याच बैठकीत सही झाली. संदर्भ क्रमांक आधी डेटाबेसमध्ये नोंदवायचा, मग विनंती पाठवायची, एवढाच बदल होता. टीमचा मला फार अभिमान वाटला.

तेव्हा चुकीचा क्रम पहिल्या पानावर ठेवा, सूत्रं मागे. मॉडेल लहान ठेवा. दोन सर्व्हर आणि दोन-तीन विनंत्यांनी सुरुवात करा, नाहीतर अवस्था इतक्या वाढतात की टीएलसी संपतच नाही. हो, आणि याला ‘फॉर्मल मेथड्स’ (गणिताने डिझाईन तपासायच्या पद्धती) म्हणू नका, लोक बिचकतात. अ‍ॅमेझॉनमध्येही ‘पूर्ण तपासता येणारा सुडोकोड’ असंच सांगत. मंजुरीच्या वेळीच चेंज रिक्वेस्टच्या चेकलिस्टमध्ये ‘मॉडेल पुन्हा चालवलं का’ ही ओळ घालून घ्या. नंतर घालायची म्हटली, तर त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो.