सान मार्कोच्या जिन्यात थांबलेली रांग

फ्लॉरेन्सबद्दल आधीच सांगून टाकते. गर्दी सोसत नसेल तर जाऊ नका. उफिझी संग्रहालयात आम्ही बोत्तिचेल्लीने रंगवलेली व्हीनस पाहिली असं म्हणायचं, पण पाहिले ते तिच्यापुढे उंचावलेले फोन. दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, घुमटाच्या 463 पायऱ्या नवरा एकटाच चढून आला आणि संध्याकाळभर पोटऱ्या चोळत बसला. पोंते वेक्क्यो या जुन्या पुलावर सोन्याची दुकानं आहेत, बास. सासूबाईंचं मत आणखी थोडक्यात: "येशूची चित्रं एवढी, पण हात जोडायला जागा कुठाय?"

सान मार्कोचा मठ माझ्या हट्टापायी ठरला. मी पोटापाण्यासाठी चित्रं काढते. जाहिरातींची, बिस्किटांच्या पुड्यांवरची. नाताळ आला की चर्चमधल्या देखाव्याचा पडदाही माझ्याच गळ्यात पडतो. त्यामुळे फ्रा अँजेलिकोचं मला फार दिवसांचं कुतूहल. हा डॉमिनिकन संघाचा संन्यासी आणि चित्रकार. मूळ नाव ग्विदो दी पिएत्रो. 1436 साली त्याच्या संघाला सान मार्कोची मोडकळीला आलेली इमारत मिळाली, फ्लॉरेन्सचा धनाढ्य सावकार कोझिमो दे मेदिचीने पैसा ओतला, मिकेलोत्सो या वास्तुकाराने ती नव्याने बांधली. मग अँजेलिको आणि त्याच्या हाताखालच्या मंडळींनी वरच्या मजल्यावरच्या चाळीसहून जास्त खोल्यांत भिंतीवर एकेक चित्र रंगवलं. आपण राहतो त्याच घराच्या भिंती, आणि बघणारेही घरचेच.

पण खोल्या नंतर. आधी जिना.

आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे तोवर इटलीवर रुसले होते. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझा दंड, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, असं चाललं होतं. "एवढे श्रीमंत देश, लिफ्ट लावायला काय जातं यांचं?" हे दर चार पायऱ्यांना. जिना मध्ये वळतो. वळणावर त्यांनी मान वर केली आणि समोरच्या भिंतीवर मरिया. साध्या लाकडी बैठकीवर बसलेली, हात छातीशी. पुढ्यात गुडघे वाकवून गाब्रिएल दूत, त्याच्या पंखांवर रंगीबेरंगी पट्टे. बाकी कमानी, खांब, थोडंसं गवत, एक कुंपण.

आई तिथेच थांबल्या. मधोमध. पर्स खांद्यावर नीट सरकवली, क्रुसाची खूण केली आणि 'नमो मरिया' सुरू. मनातल्या मनात नाही, चांगलं ऐकू येईल असं. मागे रांग तुंबली. एक उंच गृहस्थ घसा खाकरले. एका मुलीने आमच्या डोक्यांवरून फोन पुढे काढून फोटो घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, वर जाऊन म्हणा ना, बाजूला उभं राहून," मी कुजबुजले. त्यांनी डोळे न उघडता 'थांब' अशा अर्थाचा हात केला, शेवटच्या 'आमेन'पर्यंत सगळी प्रार्थना म्हटली, आणि मगच पुढची पायरी चढल्या. मागच्यांची माफी मागायचं काम अर्थात सुनेचं.

वर पोचल्यावर चित्राच्या खालच्या बाजूला लॅटिन अक्षरं दिसली. नवऱ्याने फोनवर अर्थ काढला. कुमारी मरियेच्या प्रतिमेसमोरून जाताना तिला 'नमो' म्हणायचं राहणार नाही याची काळजी घे, अशी सूचना होती ती! जिना चढून खोल्यांकडे जाणाऱ्या संन्याशांसाठी. आणि पावणेसहाशे वर्षांनंतर, त्या अख्ख्या रांगेत ती एकट्या आईंनी पाळली होती, तीही न वाचता.

मी हे त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांना त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसेना. "मग? चित्र काढलंय कशाला?"

माझ्या धंद्यात प्रत्येक कामाआधी आम्ही गिऱ्हाइकाला विचारतो, चित्र बघून लोकांनी नेमकं काय करायचं? पुडा उचलायचा की नंबर फिरवायचा? या कामात लोकांनी एक प्रार्थना म्हणायची होती, आणि ते चित्र अजून ती म्हणवून घेतंय. माझी पोस्टरं पावसाळ्यापुरतीसुद्धा टिकत नाहीत.

खोल्या अगदी लहान आहेत. एक छोटी खिडकी, शेजारी चित्र. नवशिक्या संन्याशांच्या खोल्यांतली चित्रं धडा शिकवावा तशी आहेत. त्या सगळ्यांत क्रुसावरचा प्रभू आणि पायाशी संत डॉमिनिक, त्यांच्या संघाचा संस्थापक. बदलते ती फक्त डॉमिनिकची प्रार्थनेची ढब. कुठे हात पसरलेले, कुठे मान झुकलेली. नवऱ्याला दोन खोल्यांतच कंटाळा आला. मला नाही. रोज त्याच एका चित्रासमोर उठायचं, हे ज्याला साधलं असेल त्याचा मला हेवा वाटला.

सातव्या खोलीच्या दारात मात्र आम्ही तिघंही गप्प उभे राहिलो. येशूच्या डोळ्यांवर पट्टी, डोक्यावर काटे. त्याला मारणारे शिपाई चित्रात नाहीतच. हवेत नुसते हात आहेत. एक काठी धरलेला, बाकीचे चापट मारायला उगारलेले. एक मुंडकं थुंकतंय. खाली मरिया तोंड फिरवून बसली आहे आणि डॉमिनिक पुस्तक वाचतोय. ते हात कोणाचे, हे चित्रकाराने दाखवलेलं नाही. खोलीत एकच माणूस राहायचा.

हे सगळं ओल्या गिलाव्यावर केलेलं काम. चुना वाळतो तसा रंग भिंतीत बसतो, म्हणून त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. वाळल्यावर दुरुस्ती करायची तर वरून रंग लावावा लागतो, आणि तो पुढे उडतो. शंभरेक वर्षांनी चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीने लिहून ठेवलंय की हा संन्यासी कधी डागडुजी करतच नसे. झालं तेच देवाच्या मनात होतं, म्हणायचा. वाझारीला गोष्टी रंगवायची हौस होती, तेव्हा जपूनच विश्वास ठेवा. माझ्या संगणकावर मात्र 'फायनल', 'नवीन फायनल' आणि 'खरंच फायनल' अशा फाइली आहेत.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की दान, प्रार्थना, उपास गुपचूप करा, गुप्तपणे पाहणारा पिता पाहतो. चित्रकलेचं नाव तिथे नाही, आणि आजवर मला ते सोयीचंच वाटत आलं. नाताळचा पडदा उघडतो तेव्हा मी मुद्दाम मागच्या बाकाजवळ उभी राहते, कोण काय म्हणतंय ते ऐकायला. पुढच्या वर्षीही राहीन, उगाच खोटं कशाला बोलू? पण एका भिक्षूपलीकडे कोणाच्या नजरेस पडू नये अशा चित्रात कोणी एवढा जीव ओततो, हे त्या दारात उभं राहून पचवणं मला जड गेलं.

पैसे देणाऱ्या कोझिमोसाठी एक नाही, दोन जोडखोल्या आहेत. मी नाक मुरडलं. आई म्हणाल्या, "चर्चच्या पंख्यावर देणाऱ्याचं नाव घालतात की नाही? तसंच." मजल्याच्या दुसऱ्या टोकाला सावोनारोलाच्या खोल्या. 1497 मध्ये चैनीच्या वस्तूंची होळी करणारा आणि पुढच्याच वर्षी भर चौकात फाशी देऊन जाळला गेलेला हा मठाधिपती इथे राहायचा. तिथे मी फार रेंगाळले नाही.

मठ दुपारी दोनच्या आत बंद होत होता, त्यामुळे आम्हाला जवळपास हाकलूनच लावलं. बाहेर बाकावर बसून मी विचारलं, एक महिना राहायला मिळालं तर कुठली खोली घ्याल? माझी ठरलेली होती: पहिली, जिथे उठलेला येशू माळ्यासारखा खांद्यावर कुदळ घेऊन त्याच्या शिष्येसमोर, मग्दालिया मरियेसमोर, उभा आहे आणि गवतातल्या फुलांचे लाल ठिपके त्याच्या हातापायांच्या जखमांसारखेच काढलेत. नवरा म्हणाला, सातवी सोडून कुठलीही.

"मला कोझिमोची," आई म्हणाल्या. "एक खोली प्रार्थनेला, एक झोपायला."