पॅनमध्ये दाणा धरताना: सी मॅसेक्विटचा माझा अनुभव

साखर कारखान्यात व्हॅक्यूमखाली माल आटवून साखरेचे दाणे वाढवायचं मोठं पात्र म्हणजे पॅन. पॅन हाऊसमध्ये ‘दाणा धरला’ असं म्हणतात, त्या क्षणी पॅनमधल्या दाण्यांची संख्या ठरून गेलेली असते. पुढचे सगळे तास ती संख्या सांभाळायची आणि तेवढ्याच दाण्यांवर साखर चढवत राहायची. नवे दाणे पडू द्यायचे नाहीत, जुने विरघळू द्यायचे नाहीत. सी पॅनला, म्हणजे ए आणि बी नंतरच्या शेवटच्या टप्प्याला, हे सगळ्यात अवघड जातं, कारण माल कमी प्युरिटीचा (विरघळलेल्या घन पदार्थांत साखरेचा वाटा कमी) आणि चिकट असतो.

तयारी स्लरीपासून होते, म्हणजे दाण्यांचं बी म्हणून वापरायच्या साखरेच्या ओल्या चुऱ्यापासून. कोरडी साखर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, १ किलोला २ लिटर, बॉल मिलमध्ये दळायचं. अल्कोहोलमध्ये साखर विरघळत नाही, म्हणून चुरा टिकतो. डब्यात पाणी शिरलं की बारीक कण आधी जातात. दळण किती वेळ चालवायचं ते घड्याळावर सोडू नका, मायक्रोस्कोपखाली बघा. कण ५ मायक्रॉनच्या आसपास आणि एकसारखे हवेत.

स्लरी किती घ्यायची याचा हिशेब घनाचा आहे. सी दाणा ०.२५ मिलिमीटरचा हवा असेल तर ५ मायक्रॉनचा कण लांबीने ५० पट वाढणार, म्हणजे वजनाने १,२५,००० पट. ४० टन मॅसेक्विटमध्ये (दाणे आणि मळी यांचं घट्ट मिश्रण) ३० टक्के दाणा आहे असं मानलं तर १२ टन. त्याला बी लागतं फक्त ९६ ग्रॅम, म्हणजे पाव लिटर स्लरी. मी ४०० मिलिलिटर घेतो, कारण आत जाताना थोडे कण विरघळतातच. ‘जरा जास्त असलेली बरी’ म्हणून दोन लिटर ओतली की दाणा बारीक राहतो आणि सेंट्रिफ्युगलवर (मॅसेक्विट गरगर फिरवून मळी वेगळी करणारं मशीन) मळी सुटत नाही. आणि ओतण्यापूर्वी बाटली हलवा! तळाशी बसलेला गाळ तसाच राहिला तर नुसतं अल्कोहोल आत जातं.

दाणा धरायला मी सिरप (आटवलेला उसाचा रस) आणि ए-हेवी (ए मॅसेक्विटमधून सुटलेली मळी) यांचं मिश्रण ६५ ते ७० प्युरिटीचं घेतो. ए-हेवी आधी पातळ करून ७० अंशांपर्यंत तापवलेलं हवं, नाहीतर त्यातले न दिसणारे बारीक दाणे आपल्या मोजणीत घुसतात. कॅलेंड्रिया (पॅनमधला तापवणाऱ्या नळ्यांचा भाग) पूर्ण झाकेल एवढा माल घेऊन आटवायला लावतो. निरपेक्ष दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या जवळ, तापमान ६३ ते ६६ अंश. इथे एक गोम आहे. पुस्तकात ‘६४० मिलिमीटर व्हॅक्यूम’ लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं, जिथे हवेचा दाब ७६० असतो. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब ७१० मिलिमीटर. तिथे तीच स्थिती गेजवर ५९० ला येते. गेजवर ६४० गाठायला गेलात तर माल थंड आणि घट्ट होतो, फिरत नाही.

बी टाकायची वेळ यंत्र सांगतं, पण मी बोटांनीही बघतो. प्रूफ स्टिकने नमुना काढून अंगठा आणि तर्जनी यांत ताणायचा. स्वयंपाकघरातला एकतारी पाक बघतात तसंच. तार ओढली जाऊन तुटायला लागली की अतिसंपृक्तता (मावेल त्याच्या किती पट साखर विरघळलेली आहे) १.१ ते १.२ मध्ये आहे असं मी धरतो. हा अंदाज प्रत्येक कारखान्याच्या मालावर नव्याने बसवावा लागतो. १.० च्या खाली बी विरघळतं, १.३ च्या वर माल स्वतःहून दाणे पाडतो, ते आपल्या हिशेबात नसतात. स्लरी व्हॅक्यूमने एका दमात ओढून घ्यायची. अल्कोहोल लगेच उडतं आणि कण पसरतात. जवळ वेल्डिंग चालू असेल तर आधी थांबवा.

पुढची पंधरा मिनिटं मोलॅसिसचा (मळीचा) फीड, म्हणजे पॅनमध्ये नवा माल सोडणं, सुरू करायचा नाही. उकळी थांबली की माल फिरणं थांबतं आणि दाणे एकमेकांना चिकटून गुच्छ होतात; आटत राहिला तर नवे दाणे पडतात. म्हणून जेवढं आटतं तेवढंच गरम पाणी आत सोडायचं. काचेवर थेंब पसरून दिव्यासमोर धरला की आधी धुरकट दिसतं, मग ठिपके, मग कडा असलेले दाणे. कडा दिसल्या की फीड सुरू.

फॉल्स ग्रेन (नको असलेले नवे बारीक दाणे) पडला तर काचेवर मोठ्या दाण्यांच्या मधोमध भुकटी दिसते. लगेच व्हॅक्यूम थोडा कमी करून तापमान ४-५ अंश वाढवा, फीड बंद ठेवून गरम पाणी द्या, आणि भुकटी गेली की थांबा. जास्त धुतलं तर चांगला दाणाही झिजतो. ‘पुढे वाढेल’ म्हणत तसाच सोडलेला पॅन सेंट्रिफ्युगलला रडवतो: बारीक दाणे मोठ्यांच्या फटीत बसतात, मळी अडते, मग पाणी वाढवावं लागतं, त्यात साखर विरघळते आणि शेवटच्या मळीची प्युरिटी चढते.

पॅन सोडल्यावर आत वाफ मारायला कंटाळू नका. नळ्यांना आणि तळाच्या व्हॉल्व्हला चिकटून राहिलेला दाणा पुढच्या खेपेला न मोजलेलं बी होतो. वाफ मारल्यावर मी साइट ग्लासमधून टॉर्च मारून बघतो. काचेच्या खालच्या कडेला दाण्यांची रेघ दिसली तर परत पाच मिनिटं.